तीन बोटांची फट

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना आत्या प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भोर तालुक्यातल्या आमच्या वाडीत सुना सासूला अशीच हाक मारतात. रेघ ओढायची कारण बसलेल्या कोंबडीच्या पाटीत दुसऱ्या कोंबड्या गुपचूप अंडं घालून जातात. उबायला २१ दिवस सगळ्याच अंड्यांना लागतात, त्यामुळे मागाहून आलेल्या अंड्यातलं पिल्लू मागाहूनच निघणार. कोंबडी तोवर थांबत नाही. पहिली पिल्लं सुकून पायांवर उभी राहिली की एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन ती उकिरडा गाठते. म्हणून बिनरेघेचं अंडं दिसलं की काढून घ्यायचं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात बसवलेली कोंबडी खाष्ट होती, पाटीजवळ हात नेऊ देत नव्हती. ती उठली तेव्हा मागे बिनरेघेचं एक अंडं उरलं होतं. कवचाला टोचा पडलेला, आतून बारीक चिवचिव. "त्ये काय जगायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. मी ते उचलून घरात आणलं.

ऊब द्यायला बल्ब हवा आणि घरातले झाडून सगळे बल्ब एलईडी. त्यांचा उजेड भरपूर, पण ऊब नाही. भोरच्या बाजारात एका जुन्या दुकानदाराने माळ्यावरून ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून दिला. खोक्यात भाताचं तूस पसरलं. नुसत्या कागदावर पिल्लाचे पाय घसरून फाकतात आणि वेळेत आवरले नाहीत तर फाकलेलेच राहतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती उतरवत न्यायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लाकडे बघून कळतं. बल्बखाली अंग चोरून ओरडत असेल तर गारठलंय. कोपऱ्यात जाऊन चोच उघडी टाकून, पंख पाडून बसलं तर तापलंय. आमच्या पिल्लाला बिलगायला भावंडं नव्हती, म्हणून बल्बची जास्तच गरज. वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज रोज जाते.

खाण्याची घाई नव्हती. बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निभावून नेतं. पाणी मात्र लगेच पाजायचं. गुळाच्या पाण्यात चोचीचं फक्त टोक बुडवायचं. घशात थेंब सोडायला गेलं तर पाणी श्वासनळीत जातं. पाण्याच्या झाकणात खडे घातले, म्हणजे आत पडून बुडायची भीती नाही. मग तांदळाची बारीक कणी टाकून त्यावर बोटाने टकटक करत बसायचं. आई चोच मारून दाखवते तेव्हा पिल्लं टिपायला शिकतात. इथे आईचं काम माझ्या तर्जनीकडे आलं होतं. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बंद होते, ती कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून हलक्या हाताने सोडवायची. ओढली तर कातडी निघते.

पिल्लू जगलं, पण वाढेना. पंखांची पिसं लांबत चालली आणि अंग होतं तेवढंच, त्यामुळे ते थोरल्याचा सदरा घातलेल्या पोरासारखं दिसायचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन एखाद्या ग्रॅमने सरकायचं, कधी तेही नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली. रक्ती हगवण नव्हती, जंतही नव्हते. त्यांनी विचारलं, "खायला काय घालता?" तांदळाची कणी, आणि काय! कणीने पोट भरतं, अंग भरत नाही. पिल्लांच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. म्हणून स्टार्टर खाद्य आणलं. आत्यांनी आपण होऊन बांधावरचं वाळवीचं ढेकूळ आणून खोक्यात फोडलं. त्या दिवशी मी त्या पिल्लाला पहिल्यांदा धावताना पाहिलं.

आता अडचण वेगळीच होती. माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाला कोंबड्यांची रीत ठाऊक नसते. घारीची सावली आली की कुठे दडायचं, कुणाच्या आधी दाण्याला चोच लावायची नाही, हे कळपातच शिकायला मिळतं. रात्री अंधारात ते कोंबडीच्या पोटाखाली सरकवून पाहिलं, पण उजाडताच तिने टोचून बाहेर काढलं. भावंडंही दुबळ्याच्याच डोक्यावर चोच मारायची. कळपात ठेवावं तर उपाशी राहणार आणि घरात ठेवावं तर आयुष्यभर माझ्या पदरामागे फिरणार.

तोड आत्यांनी काढली. अंगणात डालगं पालथं घालून एका बाजूने कौलाच्या तुकड्यावर टेकवलं. तीन बोटांची फट राहिली. आत स्टार्टर खाद्य आणि पाणी. थोरली पिल्लं मान घालायची, पण खांदे अडकायचे. हे मात्र सुळकन आत. लहान असल्याचा त्याला पहिल्यांदाच काही फायदा झाला. पोटभर खाऊन बाहेर यायचं, चार टोचे खायचं, पुन्हा आत पळायचं. डालग्याच्या कामट्यांतून ते सगळ्यांना बघत होतं, सगळे त्याला बघत होते. दिवस गेले तसे टोचे कमी झाले. एका दुपारी तेही फटीत अडकलं आणि आत्यांनी हसत डालगं उचललं.

दुबळ्या जिवाला जपायचं म्हणजे वेगळं काढून छातीशी धरायचं, असं मला वाटायचं. ते सुरुवातीपुरतं खरं. पुढे त्याला चारचौघांतच राहू द्यायचं, फक्त त्याचं ताट दुसऱ्यांच्या चोचीपासून वाचवायचं. यात माया कमी आणि नजर जास्त लागते.

ते पिल्लू आता तलंग होऊन अंडी देतंय. अंगाने बुटकी, आवाजाने थोर. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश असतं, म्हणजे लहान अंड्यातून लहानच पिल्लू निघणार. त्यामुळे आत्या तिची लहान अंडी उबवायला ठेवत नाहीत. मला आधी हे निष्ठुर वाटलं, पण आत्यांचा हिशेब बरोबर आहे. यंदा उन्हाळ्यात ती खुडूक झाली तेव्हा तिच्याखाली त्यांनी दुसऱ्या कोंबड्यांची चांगली मोठी अंडी ठेवली, तिच्या अंगाला पेलतील एवढीच. सगळी निघाली. तिच्या स्वतःच्या अंड्यांची आम्ही पोळी करून खातो.