दापोली ते दाभोळ : रमाईच्या माहेरचा किनारा

आंबडव्याला जाऊन आलो, वणंदला माथा टेकला, हर्णैला मासळी खाल्ली आणि रातोरात परतलो, असे सांगणारे धम्मबांधव आपल्यात पुष्कळ आहेत. खाजगी बस ठरवायची, निळे झेंडे लावायचे, दोन दिवसांत सगळे उरकायचे. त्यात वाईट काही नाही. गिरणीतला, गोदीतला किंवा ऑफिसातला माणूस रजा तरी किती काढणार? पण यंदा मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चार कुटुंबे मिळून ठरविले की, दापोलीत पाच दिवस राहायचे आणि ज्या किनाऱ्याने आपल्याला माता रमाई दिली तो किनारा सावकाश पाहायचा.

मुंबईहून एस.टी.ने निघालो तर महामार्ग सोडून गाडी मंडणगडच्या वळणांना लागते तेव्हा लहान मुलांच्या पोटात ढवळू लागते. आल्याची वडी जवळ ठेवावी. रेल्वेने जाणाऱ्यांनी खेडला उतरावे, तेथून दापोली तासाभराची वाट आहे.

दापोली गाव समुद्रापासून थोडे आत, उंचावर आहे. हवा थंड म्हणून इंग्रजांनी येथे लष्कराची छावणी केली आणि गावाचे नाव पडले कॅम्प दापोली. प्रवासी पुस्तकांत या गावाला कोकणातले महाबळेश्वर म्हणतात. आपल्यासाठी हे गाव वेगळ्याच कारणाने मोठे आहे. पलटणीतून निवृत्त झालेले आपले जवान, हवालदार, सुभेदार पेन्शन घेऊन येथे स्थायिक झाले. पलटणीतल्या शाळांमुळे त्यांना अक्षरओळख झाली होती, जगही पाहिले होते. अशा माणसांना गावकीचा जोहार आणि गळ्यातले मडके पुन्हा कसे मानवणार? रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच एक. 1886 साली लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दापोलीत अनार्य दोष परिहारक मंडळी उभी केली, 1888 साली अस्पृश्यतेवर घाव घालणारी पुस्तिका काढली, आणि सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिला. बाबासाहेबांचा जन्मही झाला नव्हता, तेव्हा या गावात हे काम सुरू झाले होते.

याच पेन्शनरांनी 1890 च्या दशकात आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून सरकारदरबारी भांडण मांडले. परवानगी मिळाली, पण मुलांना वर्गाबाहेर ओसरीवर बसविले गेले. सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त होऊन आले तेही प्रथम याच दापोलीत. पुढे ते कुटुंब घेऊन साताऱ्याला गेले. आमच्याबरोबरच्या सातवीतल्या मुलीने विचारले, "काका, पावसाळ्यात ओसरीवर झड येत असेल ना?" कोकणातला पाऊस तिने पाहिला आहे, म्हणून तिला हे सुचले. आम्हाला इतकी वर्षे भाषणे करून सुचले नव्हते.

दापोलीहून हर्णै बंदर जेमतेम अर्ध्या तासावर. येथला मासळीचा लिलाव एकदा तरी पाहावा. होड्या उथळ पाण्यात थांबतात, माल वाळूवर येतो, पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडा यांचे ढीग पडतात आणि कोळी व मुसलमान बायाबापड्या, व्यापारी, बर्फवाले यांचा एकच गलका उडतो. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे मेच्या शेवटच्या दिवसांत घाई विचारूच नका. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा. 2025 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचे नाव आहे. आनंद वाटला. पेन्शनरांच्या दापोलीचे नाव कोणत्या यादीत घालायचे, हा प्रश्न मात्र वाळूवर उभे असताना मनात येऊन गेला.

लिलाव पाहताना आमची नजर पुन्हा पुन्हा जात होती ती टोपल्या उचलणाऱ्यांकडे. माल कोणाचा, होडी कोणाची, पैसा कोणाचा, हे सगळे बाजूला ठेवा. डोक्यावर ओझे घेऊन ओल्या वाळूतून चालणारा माणूस वेगळाच. माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे वणंदचे. दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या बाजारात पोहोचविण्याचे काम ते करीत. दाभोळ म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाशी असलेले जुने नामांकित बंदर. मोठ्या इतिहासात तेथल्या जहाजांची वर्णने आहेत, हमालांची नाहीत. आई गेली, मग वडील गेले आणि लहानगी रमी भावंडांसह नातेवाइकांच्या आधाराने मुंबईत भायखळ्याला आली. 1906 साली तिचे लग्न झाले तेही भायखळ्याच्या बाजारातच. दिवसाचा व्यापार उठल्यावर रात्री मासळी बाजाराच्या शेडमध्ये एका बाजूला वराकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला वधूकडची. विक्रीचे दगडी ओटे हीच बैठक, आणि उजाडण्यापूर्वी जागा मोकळी करून द्यायची. दाभोळच्या टोपलीपासून भायखळ्याच्या ओट्यापर्यंत हा वास रमाईंच्या बालपणाला चिकटलेला आहे. मासळीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आमच्या घरातील उपासिकांना हे वणंदच्या स्मारकापुढे सांगितले, तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने पर्समधून मेणबत्ती काढली.

एक दिवस पन्हाळेकाजीला दिला. कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून येथे भिक्षूंचा निवास होता. पुढे वज्रयान पंथ आला, त्यानंतर शैव, गाणपत्य, नाथपंथी, असे थर एकावर एक चढले. म. न. देशपांडे या पुरातत्त्वज्ञांनी या लेण्यांचा अभ्यास करून ती जगापुढे आणली. बंदरातला माल घाटावर जायचा, त्या वाटेला धरून ही लेणी. म्हणजे व्यापारी, हमाल आणि भिक्षू एकाच वाटेने चालत होते. आपली मुले अजिंठा-वेरूळची सहल करतात, शाळेतूनही नेतात. पण दापोली तालुक्यातल्याच मुलांना पन्हाळेकाजी ठाऊक नसते. आमच्यातल्या एकाने लेण्यात त्रिशरण-पंचशील म्हटले. नदीचा आवाज आणि आत घुमणारा तो एक आवाज, बस्स.

आमचा मुक्काम जवळच्या एका बौद्धवाडीत होता. वाडीत घरे बरीच, पण अर्ध्यांना कुलपे. चाकरमानी गणपती-शिमग्याला गावी येतात तसे आपले लोक एप्रिल-मेमध्ये जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला येतात. पूर्वी खोताची जमीन, खोताची वेठ आणि गावकीची मेलेली ढोरे, असे जिणे होते. खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1937 साली विधिमंडळात विधेयक आणले. कायदा झाला 1949 मध्ये. आणि 1956 नंतर वाडीने गावकीची कामे टाकली. वाडीतल्या नव्वदीच्या आजी सांगतात, "ढोर ओढायचं सोडलं तेव्हा गावानं वाट बंद केली. मग आम्ही आमची वाट पाडली." ती वाट अजून आहे, आता तिच्यावर डांबर पडले आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्याची धूळधाण केली. नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या, कौले उडाली. बागायतदारांच्या नुकसानीचे पंचनामे झाले. आपल्या वाडीकडे बागा नाहीत. गेले ते छप्पर आणि दुसऱ्याच्या बागेतली मजुरी. त्याला पंचनामा नसतो. वाडीच्या विहाराचे पत्रेही त्या दिवशी गेले. लॉकडाऊनमध्ये मुंबईहून परतलेल्या पोरांनी, हाताला काम नाही म्हणून, पत्रे गोळा करून विहार पुन्हा शाकारला. तेव्हापासून संध्याकाळची वंदना नियमित सुरू झाली. ज्यांना मुंबईत चार माणसे ओळखत नव्हती, त्यांना येथे वंदनेची घंटा वाजविण्याचे काम मिळाले. त्यांतले दोघे परतले नाहीत. एक रिक्षा चालवतो, दुसऱ्याने पर्यटकांसाठी घरगुती जेवणाची सोय काढली आहे.

आम्ही होतो त्या शनिवारी रात्री विहारात बैठक बसली. मुंबई मंडळाने वर्गणी गोळा करून आणली होती आणि तिचे काय करायचे, हा वाद होता. मुंबईकरांना रस्त्यावर कमान हवी होती, देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाटीसह. गावच्या बायकांना विहाराला लागून अभ्यासाची खोली हवी होती. वाडीतल्या तीन मुली दापोलीला महाविद्यालयात जातात; घरात पाहुणे आले की पुस्तक मिटावे लागते. आम्ही हिशेबाच्या धंद्यातले, म्हणून वही आमच्या पुढ्यात सरकविली गेली. पाहिले तर गेल्या दहा वर्षांत रंग, पताका, स्पीकर आणि जेवणावळी यांवर खर्च झाला होता. पुस्तकांच्या नावावर एक पैसा नव्हता. आम्ही आकडे मोठ्याने वाचून दाखविले आणि गप्प बसलो. पाहुण्याने याहून जास्त बोलू नये.

वाद रात्री बारापर्यंत चालला. एक ज्येष्ठ बंधू रागावून उठूनही गेले आणि चहाला परत आले. "कमान नसली तर बाहेरच्याला विहार कुठे आहे ते कळणार कसे?" हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मग आजी बोलल्या, "बाहेरच्याला वाट विचारता येते." शेवटी ठरले ते असे : खोली बांधायची, कमान पुढच्या वर्षी आणि तीही लोखंडी पाइपांची. संगमरवराऐवजी देणगीदारांची नावे वहीत. वादळात पडलेल्या फणसाचे लाकूड एका घराच्या पडवीत पडून आहे. वाळवी लागलेला भाग काढून टाकला तर त्यात दोन बाके आणि एक लांब टेबल होईल, असे वाडीतल्या सुताराने टेप लावून सांगितले. लाकूड ज्यांचे आहे ते घर मुंबईला, भांडुपला. तेथे रात्रीच फोन लावला. फोनवर पलीकडून आधी शिव्या आल्या, किती वाजलेत म्हणून. मग होकार आला.