तेरा महिने

आमच्या परभणीस स्वातंत्र्याचे दिवस दोन, हें परगांवच्या पाहुण्यास नेहमीं समजावून सांगावें लागतें. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं दिल्लीस तिरंगा चढला, तेव्हां येथें निजामाचाच अंमल होता. तो संपला १७ सप्टेंबर १९४८ रोजीं. माझी आजी पंधरा ऑगस्टला ‘त्यांचा दिवस’ म्हणे. लहानपणीं मला त्याचें हसूं येई. पुढें मेक्सिकोचा इतिहास वाचला. हिदाल्गो या धर्मगुरूनें बंडाची हांक दिली १८१० सालीं, स्पेनचें राज्य गेलें १८२१ सालीं. पण तेथील लोक सण पाळतात तो हांकेचा! तशी हांक येथेंही स्वामी रामानंद तीर्थांनीं १९४७ सालींच दिली होती. आजीचा हिशेब मात्र हांकेपाशीं थांबत नसे. रझाकारांच्या भयानें ते तेरा महिने तिनें दिवेलागणीलाच दाराला अडसर घालून काढले होते.