यंत्राची औषधपरीक्षा

मानपाडा रस्त्यानें डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडे जातांना रसायनांचा दर्प आला, कीं औषधें भट्टींतच जन्मतात अशी आमची समजूत होई. परंतु पुढें हॅलिसिन म्हणविलेल्या द्रव्याचा जंतुघ्न गुण अमेरिकेंतील एम्. आय्. टी. येथें प्रथम ताडला तो संगणकानें. सुमारें २,३०० रेणूंपैकीं कोणते एका आंत्रजंतूची वाढ रोखतात, हें त्यास आधीं शिकविलें. मग हजारों ज्ञात द्रव्यांतून त्यानें हें निवडलें. मौज ही, कीं मधुमेहाच्या परीक्षेंत तें नापास झालेलें! (असे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत.)

प्रयोगशाळेंत त्यानें क्षयाचे जंतूही मेले. तपासलेल्या एकाही औषधास न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रोगी मुंबईच्या डॉक्टरांनीं २०११ सालीं नोंदविले. मुंबईच्या इतक्या निकट राहणाऱ्या आम्हांस ही वार्ता नुसत्या कुतूहलाची कशी वाटावी?

तथापि काचपात्रांत जंतु मेला म्हणजे रोगी बरा झाला, असें नव्हे. रेणु प्रथिनाच्या खोबणींत कसा बसेल, तें अणूंच्या हालचालींचें गणित मांडून पडद्यावर पाहतां येतें. तोच रेणु यकृतास बाधेल काय, हें मात्र अखेर जिवंत देहांतच कळतें. त्यांत वर्षें जातात. हॅलिसिन अद्याप औषधांच्या दुकानांत आलेलें नाहीं.