शेगडीमागची भिंत

नव्या घराच्या स्वयंपाकघराचं बोलणं निघालं की आधी ट्रॉल्या, मग ओट्याचा ग्रॅनाइट, मग चिमणी, असा क्रम ठरलेला असतो. ओटा आणि वरची कपाटं यांच्यामधली दोन फुटांची पट्टी राहते शेवटाला. मिस्त्री तिला डॅडो म्हणतो. टाइल्सच्या दुकानात रविवारी संध्याकाळी, पोरं कंटाळून रडायच्या बेतात असताना, तिचा निकाल घाईघाईत लागतो. आणि मग घरात जो कोणी स्वयंपाक करतो, तो पुढची पंधरा वर्षं भाजी परतताना नेमकं तिच्याकडेच बघत उभा राहतो.

स्वयंपाकघरं करून देण्यात ज्यांची हयात गेली, ते लोक म्हणूनच कॅटलॉग उघडण्याआधी वेगळंच विचारतात. घरात तळण किती होतं? फोडणी कढईत की कढल्यात? रात्री ओटा पुसतं कोण, आणि कशानं? रोज पुऱ्या-भजी होणारं घर आणि सकाळी पोहे, रात्री डबा मागवणारं घर यांची भिंत एकच असू शकत नाही.

मराठी स्वयंपाकघरात या भिंतीचा खरा शत्रू हळद. तिच्यातलं पिवळं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळतं. मोहरी तडतडते तेव्हा तेलाच्या थेंबाबरोबर हळद भिंतीवर चढते आणि तेल जिथे मुरेल तिथे तीही मुरते. त्यावर साबण फिरवला की डाग लाल-तपकिरी होतो. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तीच ही गंमत. क्षार भेटला की हळद रंग पालटते. सुदैवानं तिला ऊन सोसत नाही. खिडकीशेजारच्या भिंतीवरचा डाग काही दिवसांत फिका पडतो, कोपऱ्यातला राहतो.

आता हा डाग पडतो कुठे, ते पाहायला हवं. चकचकीत सिरॅमिक टाइलचा वरचा थर म्हणजे भट्टीत वितळून बसलेली काच. तिच्यात तेल शिरत नाही. शिरतं ते दोन टाइल्समधल्या सांध्यात, कारण तिथे बहुतेक वेळा पांढरं सिमेंट भरलेलं असतं, आणि सिमेंट तेल पितं.

इथे थोडा हिशेब करावा. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. तिच्या स्थानकांच्या भिंतींवर तीन बाय सहा इंचांच्या पांढऱ्या टाइल्स होत्या. त्याच आज पुण्या-ठाण्यात सबवे टाइल म्हणून विकल्या जातात. दिसतात देखण्या. पण दहा फूट लांब, दोन फूट उंच डॅडोला त्या एकशे साठ लागतात आणि सांध्यांची एकूण लांबी शंभर फुटांच्या वर जाते. त्याच भिंतीला एक बाय दोन फुटांच्या टाइल्स उभ्या लावल्या, तर दहा टाइल्समध्ये काम होतं आणि मधले सांधे भरतात अवघे अठरा फूट. छोट्या टाइलचा हट्टच असेल, तर पैसे टाइलवर कमी आणि सांध्यावर जास्त घालावेत. सांध्यात सिमेंटऐवजी भरायचं इपॉक्सी ग्राउट महाग असतं आणि मिस्त्री कुरकुरतो. राळ आणि हार्डनर कालवल्यावर ते लवकर घट्ट होतं, टाइलवरचा थर लगेच पुसला नाही तर कायमचा बसतो, त्यामुळे थोडं थोडं कालवून भराभर काम उरकावं लागतं. पण ते तेल पीत नाही. त्याला हलकी राखाडी छटा दिली तर आणखी बरं.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात सांगता येतं. मागून रंग दिलेली काच म्हणजे बिनसांध्याची भिंत. एका फडक्यात साफ. मात्र शेगडीमागे ती टफन्डच हवी, आणि तशी काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. स्विचबोर्डची जागा आधी पक्की करून मापं द्यावी लागतात. साध्या काचेत लोहामुळे हिरवी झाक असते, तिच्यामागचा पांढरा रंग पुदिन्याकडे झुकतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ यांपैकी काहीही उडालं की चकाकी गेलीच समजा. ॲक्रिलिकचे पत्रे बर्नरच्या धगीनं मऊ पडून वाकतात. क्वार्ट्झमध्ये राळ असते, तिलाही थेट आच सोसत नाही. ३०४ ग्रेडचं स्टील सगळं सोसतं, पण बोटांचे ठसे आणि ओरखडे उठतात. हॉटेलच्या भटारखान्यात त्याची फिकीर कोण करतो!

रंगाचं प्रकरण जरा नाजूक. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, त्याच्या कपाटांना निळा-हिरवा रंग होता. माश्या निळ्यावर बसत नाहीत असा तेव्हा समज होता. आपल्याकडे रंग ठरवतं दुकानातलं हायलायटर टाइलचं शेल्फ: कॉफीचा वाफाळता कप, सिमला मिरची, आणि ज्या घरात वाइन शिरलेली नाही तिथे हमखास द्राक्षांचा घड. दोन वर्षांत तो कप नजरेला टोचायला लागतो.

गडद रंग डाग लपवतो असं मानतात. तेल लपतं खरं, पण बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके काळ्या चकचकीत टाइलवर चांदण्यासारखे उठून दिसतात. मॅट टाइल दुकानात खानदानी वाटते, पण तिच्या बारीक खरखरीत तेलाचा चिकट थर अडकतो. फिकट रंगाची, चकचकीत, साधी टाइल हा कंटाळवाणा सल्ला आहे. पण शेगडीमागे तोच टिकतो. हौस बाजूच्या भिंतीवर भागवावी.

आणि टाइल दुकानात ठरवूच नये. दोन-तीन नमुने घरी आणावेत, ओट्यावर उभे करावेत, सकाळच्या उजेडात आणि रात्री ट्यूबखाली बघावेत. दुकानाच्या झगमगाटात मोतिया दिसणारा रंग घरच्या पिवळ्या दिव्याखाली तुपकट दिसू शकतो. मग चमचाभर गरम तेलात हळद घालून ते टाइलवर ओतावं, रात्रभर तसंच ठेवावं आणि सकाळी रोजच्याच साबणानं, रोजच्याच घासणीनं पुसावं. विक्रेत्याच्या पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा त्या डागावरून जास्त कळतं.

खरेदी झाल्यावर बॉक्सांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते टेम्पोत माल चढण्याआधी बघा. एक बॉक्स जास्तीचा घेऊन माळ्यावर टाका. चार वर्षांनी नळ दुरुस्त करताना टाइल फुटली, तर ते डिझाइन बाजारात मिळेल याची खात्री कोणताच दुकानदार देत नाही.