तिसऱ्या नंबरची जोड

भिंगारमध्ये कुस्तीचा विषय निघाला की जुन्या शौकिनांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : "आज असता ना तो, तर गदाच घेऊन आला असता." हा 'तो' सहसा पहिल्या नंबरचा मल्ल नसतो. पहिल्या नंबरवाल्यांची नावं सगळ्यांनाच पाठ असतात, त्यांच्यासाठी हळहळायची कुणाला गरज पडत नाही. हळहळ असते ती हगाम्याच्या, म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांच्या, पत्रकावर तिसऱ्या-चौथ्या ओळीत छापल्या गेलेल्यांसाठी. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत 'महाराष्ट्र केसरी' शेजारीच, नगरच्या वाडिया पार्कवर झाली, तेव्हापासून तर हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतं. विजेत्या पृथ्वीराज मोहोळला गदेबरोबर थार गाडी मिळाली, आणि जुन्या माणसांना आपापल्या काळातले इनामाचे आकडे आठवले.

वाक्य प्रेमाचं आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. कारण हगाम्यात नंबर कधी एकट्या मल्लाला नसतोच. पत्रकावर छापतात ती 'एक नंबरची कुस्ती', आणि तिच्यापुढे दोन नावं. नंबर असतो जोडीला. तो ठरतो इनामावरून, आणि इनाम ठरतं यात्रा कमिटीला त्या वर्षी कोण दोघं समोरासमोर आणता आले त्यावरून. त्यामुळे एकच गडी एका गावात तिसऱ्या ओळीत असतो आणि आठवड्याने दुसऱ्या गावात पहिल्या ओळीत. त्याची ताकद सात दिवसांत वाढलेली नसते. पहिल्या गावाला त्याच्यापेक्षा मोठी काटाजोड मिळालेली असते, एवढंच. म्हणून 'तो आज असता तर' असं म्हणताना त्याच्यासमोर कोण उभा असता, हेही सांगावं लागतं. एकट्याला उचलून आजच्या काळात आणता येत नाही, आणायची तर जोड आणावी लागेल.

कुठल्या मैदानावर आणायची, हाही प्रश्न आहेच. मातीत सहसा पाठ लागेपर्यंत कुस्ती संपत नसे. अर्धा-पाऊण तास खडाखडी चालायची आणि कुणीच चितपट होईना तेव्हा पंच ती बरोबरीत सोडवायचे. 'बरोबरीवाला' हा शेरा एकदा चिकटला की वरच्या ओळीत नाव चढणं अवघड. लोकांना निकाली कुस्ती हवी असते. आज मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. पाठ लावता आली नाही तरी पट काढून ताबा घेणारा, चपळ पायाचा मल्ल तिथे जिंकतो. मातीतले कितीतरी बरोबरीवाले मॅटवर विजेते ठरले असते, यात मला शंका नाही. पण हे उलटंही तितकंच खरं आहे. काहींची खरी कुस्ती विसाव्या मिनिटानंतर सुरू व्हायची. समोरच्याला दमवायचं, त्याचा श्वास चढू द्यायचा आणि मग नेमकी ढाक मारायची किंवा घिस्सा ओढायचा. सहा मिनिटांत अशा गड्याचं अंगही तापलं नसतं. मातीत जो निकालाचा बादशहा, तो मॅटवर गुणांवर हरून घरी आला असता. काळ बदलला की खालचे वर येतात, हे आपण आनंदाने म्हणतो. वरचे काही खाली जातात, हे म्हणायला जड जातं.

टीव्हीवरच्या कुस्तीतही हाच वाद रंगतो. नव्वदच्या दशकात नगरच्या पोरांच्या खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते असायचे. उंची, वजन, छाती, रँक, सगळं छापलेलं. एक नंबरचा पत्ता हातात आला की डाव जिंकल्यात जमा. तिथे तर रँक आखाड्यात ठरतच नव्हती, ती ठरवायची कंपनी. 1994 च्या रेसलमेनियात ओवेन हार्टने पहिल्याच लढतीत आपल्या थोरल्या भावाला, ब्रेट हार्टला हरवलं. त्याच रात्री शेवटच्या लढतीत ब्रेटने योकोझुनाला हरवून जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. म्हणजे त्या रात्रीच्या विजेत्याला ज्याने लोळवलं, तो मात्र मधल्या ओळीतच राहिला. ओवेनला तिथला सर्वोच्च किताब शेवटपर्यंत मिळाला नाही. पुढे 2006 मध्ये बुटक्या चणीचा रे मिस्टेरिओ जगज्जेता झाला आणि 2014 मध्ये डॅनियल ब्रायनला लोकांच्या गजराने वर चढवलं, तेव्हा ओवेनच्या चाहत्यांनाही आपल्या भिंगारकरांचंच वाक्य सुचलं असेल. लुटुपुटूच्या कुस्तीत ते जास्त शोभतं. तिथे निकाल बदलायला कंपनीचा हुकूम पुरेसा असतो.

खऱ्या कुस्तीत मात्र नंबर बदलतो तो मापाने. हगाम्यात लांबून दिसतं ते धिप्पाड अंग. साठ किलोच्या आतला गडी कितीही तयारीचा असला तरी शेवटच्या कुस्तीला त्याला क्वचितच उभं करतात. 'महाराष्ट्र केसरी'च्या गदेसाठीही आज 86 ते 125 किलोंचाच गट असतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्याच महाराष्ट्रातले, आणि वजन 57 किलोंच्या आतलं. 1952 मध्ये हेलसिंकीला काट्याने गट पाडले होते, म्हणून तिथे त्यांना जोडीची माणसं मिळाली आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. तिकडे जायला पैसे नव्हते, तर त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या मारून ते कर्ज फेडलं. मिरवणूक निघाली ती बैलगाड्यांची. 1955 मध्ये पोलिसात फौजदाराची नोकरी मिळाली. 1984 मध्ये ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी.

2024 मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने खाशाबांच्याच 57 किलोंच्या गटात तसंच कांस्यपदक मिळवलं. बक्षिसं, रेल्वेत बढती, घराघरात चेहरा, सगळं काही आठवड्यांत. आपल्या जामखेडच्या शेजारचा, पाटोद्याचा राहुल आवारे 2019 मध्ये 61 किलोंत जागतिक कांस्यपदक घेऊन आला आणि पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. तेव्हा हलक्या वजनाचे जुने मल्ल आज 'स्टार' झाले असते का, या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे. फक्त त्या 'हो'ला किंमत पडते. अमनने पदकाच्या आदल्या रात्री दहा तासांत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवलं होतं. त्याच आठवड्यात विनेश फोगाट शंभर ग्रॅम जास्त वजनामुळे अपात्र ठरली. दूध, तूप, बदामाच्या थंडाईवर पोसलेला जुना पैलवान रात्रभर अंगातलं पाणी काढत बसला असता का? काहीजण बसले असते. काहींनी लंगोट खुंटीला टांगून शेताची वाट धरली असती.

एक गोष्ट या चर्चेत कुणी धरत नाही. 'आज असता तर वर गेला असता' असं म्हणताना आपण नकळत मान्य करतो, की वर न जाणं म्हणजे वाया जाणं. तिसऱ्या नंबरचं त्या काळी तसं नव्हतं. राजर्षी शाहूंनी मल्लांना पोसलं, खासबाग मैदान बांधलं. संस्थानं गेली तेव्हा सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिलं. ही सोय एकट्या पहिल्या नंबरसाठी नव्हती. मधल्या फळीचा गडी वर्षाच्या जत्रा धरून खुराकाचा खर्च काढायचा, फेटा बांधून घ्यायचा, गावात 'पैलवान' म्हणून ओळखला जायचा. पुढे त्यातलाच एखादा वस्ताद व्हायचा. पहिल्या नंबरचे मल्ल बहुतेक वेळा असल्याच वस्तादांच्या हाताखाली तयार झाले.

आज शिखर उंच झालं आहे, पण त्यावर जागा एकाच्या पायापुरती उरली आहे. म्हणून तर एका निकालावरून माणसं जिवावर उठतात. वाडिया पार्कवरच उपांत्य लढतीत पाठ लागली की नाही यावरून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. अंतिम फेरीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं चूकच. पण हरल्यावरही पोट भरेल, मान राहील अशी दुसरी-तिसरी पायरी शाबूत असती, तर एका पाठीच्या टेकण्यावर इतकं काही टांगलेलं राहिलं नसतं.

त्यामुळे गेलेल्यांना आज आणून किती वर चढवायचं, हा हिशेब मी आता घालत नाही. आजही तिसऱ्या-चौथ्या ओळीत पोरं छापली जातातच. आपण हगाम्याला पोचतो संध्याकाळी, शेवटच्या दोन कुस्त्यांपुरते, आणि पन्नास वर्षांनी त्यांच्या नावाने हळहळायला मोकळे होतो. यंदा पुढच्या जत्रेला चारच्या आत जाऊन बसायचं, आणि जी जोड चांगली लढेल तिच्यावर खिशातलं इनाम तिथेच लावायचं.