दहा कार्डांचा कागद

व्हिजिटिंग कार्ड घरी करायचं ठरलं की बहुतेक जण आधी फॉन्ट शोधतात. मी आधी मापं काढतो. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, २९७ उंच. कार्ड ९० बाय ५४ चं धरलं तर आडवी दोन, उभी पाच अशी दहा बसतात. दोन्ही बाजूंना १५ आणि वर-खाली साडेतेरा मिलिमीटर समास उरतो. वर्डमध्ये दोन रकान्यांचं, पाच ओळींचं टेबल घ्यायचं आणि ओळीची उंची ५.४ सेंटिमीटरवर पक्की बांधायची. ती मोकळी राहिली तर एखादा लांबलचक पत्ता आपलं घर ताणतो आणि खालची सगळी कार्डं सरकतात. टेबलाखाली वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतोच. तो १ पॉइंटचा करून तळाचा समास थोडा कमी केला की मागून कोरं पान येत नाही.

घरं आखून झाली की खरं काम सुरू होतं: त्यात काय लिहायचं आणि काय गाळायचं. तेव्हा मी कार्ड घेणाऱ्याचा विचार करतो. देणाऱ्याला स्वतःविषयी पुष्कळ सांगायचं असतं. घेणाऱ्याला मात्र काही महिन्यांनी ड्रॉवरमधून ते कार्ड निघाल्यावर दोनच गोष्टी हव्या असतात: हा माणूस काय करतो आणि त्याला गाठायचं कसं. शेजारच्या काकूंच्या शिवणकामाचं कार्ड करताना त्यांच्या यादीत परकरांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं होतं. आम्ही दोघं बसून एकेक खोडत गेलो. शेवटी नाव, ‘ब्लाउज शिवून मिळतील’, फॉल-पिको, पत्ता आणि फोन एवढंच उरलं. पत्त्यातही घर नंबरापेक्षा ‘विठ्ठल मंदिरामागे’ ही खूण ठळक केली, कारण विचारत येणारा माणूस खुणेवरच पोचतो.

अक्षरांचा निवाडाही घेणाऱ्याच्या डोळ्यांनीच करायचा. रोमन अक्षरं ८ पॉइंटला वाचता येतात. देवनागरीत त्या आकाराला मात्रा आणि उकार गुदमरतात. मी १० च्या खाली सहसा उतरत नाही आणि ओळींमध्ये हात सैल ठेवतो. र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट पडद्यावर चांगला वाचता येतो, पण कागदावर मला मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता अधिक नेटका वाटतो. पारंपरिक वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी घेतो. त्यात श आणि ल आपल्या शाळेतल्या वळणाचे मिळतात. नावगाव तर अक्षर न् अक्षर तपासायचं. ‘कऱ्हाड’ लिहिताना साधा र घेतला तर ह वर रफार चढतो. तिथे नुक्त्याचा ऱ लागतो. स्वतःचं गाव चुकीचं छापलेलं कार्ड कुणी अभिमानानं कसं द्यावं? मोबाइल नंबर पाच-पाच अंकांत तोडतो, म्हणजे तो एका दमात वाचून लावता येतो.

छपाईच्या वेळी ‘फिट टू पेज’ बंद करून शंभर टक्के आकार निवडावा लागतो, नाहीतर सगळी मापं आक्रसतात. आधी साध्या कागदावर प्रत काढून फूटपट्टी लावायची, मगच जाड कागद घालायचा. २५० जीएसएमचा कागद आपला प्रिंटर घेतो का, हे त्याच्या माहितीपुस्तकात पाहावं. मागच्या ट्रेमधून कागद कमी वाकतो. टेबलाच्या रेषा मी छापत नाही. कापताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर चौकट लगेच चुगली करते, कोरी कड सांभाळून घेते. कापायच्या खुणा फक्त समासात असाव्यात. स्टीलची पट्टी, नवं पातं आणि एका जोरकस फटक्याऐवजी दोन-तीन हलके हात, एवढ्यानं कड स्वच्छ येते.

मग पहिलं कार्ड त्या व्यवसायाशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या हातात द्यायचं आणि विचारायचं: हे कुणाचं, काय काम करतात, फोन कुठे लावशील? तो कुठेही अडखळला तर तेवढी ओळ बदलायची आणि पुन्हा एक कागद छापायचा. पाचशे कार्डांचा गठ्ठा छापून आणलेल्याला हे परवडत नाही. घरी दहा-दहा छापणाऱ्याला परवडतं, आणि म्हणूनच मी हे काम घरी करतो.