पालेभाजी आणि कार्बनची झडप



आमचे धाकटे भाऊजी सहा फूट तीन इंच. लांब हात, लांब बोटं. लग्नात जाऊबाईंना हार घालायला स्टूल द्यावं लागेल म्हणून आम्ही किती हसलो होतो! तो मारफान नावाचा जन्मजात आजार असेल, हे कुणाच्या मनात येणार? छत्तिसाव्या वर्षी तपासणीत कळलं, हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशी ५.२ सेंटिमीटर फुगली आहे. मारफानमध्ये पाचच्या पुढे थांबत नाहीत, कारण ती फाटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळेल याची खात्री नसते.

ऑपरेशनचं नाव बेंटाल. लंडनच्या ह्यू बेंटाल यांनी १९६८ साली ते मांडलं. फुगलेला भाग झडपेसकट काढायचा, तिथे झडप बसवलेली डॅक्रॉनची नळी शिवायची, आणि हृदयाला रक्त देणाऱ्या दोन वाहिन्या बटणाएवढ्या कडेसह कापून त्या नळीला जोडायच्या. शिवणकाम येणाऱ्या बाईला हे लगेच समजतं!

मग डॉक्टरांनी विचारलं, झडप कोणती? गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींची, की कार्बनची? सासूबाईंनी डोळेच मिटले. कार्बनची जास्त वर्षं टिकते, तरुण माणसाला बहुधा तीच देतात. आम्ही सुटलो असं वाटलं. पण सासूबाईंनीच पुढे विचारलं, "अजून काही प्राण्यांचं लागतं का?" डॉक्टर खरं बोलले. "काकू, हृदय थांबवून यंत्रावर रक्त फिरवताना ते गोठू नये म्हणून हेपरिन द्यावंच लागतं. ते डुकराच्या आतड्यापासून काढतात."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "त्याला आत घेऊन जा. माझं मी बघते." तेव्हापासून प्रत्येक चतुर्दशीला त्यांचा उपवास असतो. कशासाठी, हे मी विचारलेलं नाही.

घरी आल्यावर खरी परीक्षा माझ्या स्वयंपाकघराची झाली. कार्बनच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावं लागतं, आणि पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्याच्या विरुद्ध काम करतं. पहिल्या चातुर्मासात आपल्या रीतीप्रमाणे मेथी, पालक, कोथिंबीर सगळं एकदम बंद केलं. वर दशलक्षणात भाऊजींनी एकाशनं धरली. सातव्या दिवशी नाकातून रक्त थांबेना. आयएनआर दोन ते तीनच्या दरम्यान हवा, तो पाचच्या वर गेला होता. चूक माझीच. गोळी चालू आहे एवढंच मी पाहत होते, ताटाकडे पाहिलंच नाही.

डॉक्टरांनी पालेभाजी खाच असं म्हटलं नाही. जे खाल ते रोज सारखं ठेवा, बदलणार असाल तर आधी सांगा, म्हणाले. उपवास मात्र विचारल्याशिवाय नाही.

पुतण्याचाही इको करून घेतला, कारण हा आजार मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. सध्या सगळं ठीक आहे, दरवर्षी तपासायचं.

आता आषाढ लागला की कॅलेंडरवर दोन तारखांना खुणा करते: एक चातुर्मास सुरू होण्याची, दुसरी त्यानंतर आठवड्याने भाऊजींच्या रक्ततपासणीची. परवा सासूबाईंनीच आठवण केली, "अगं, खूण केलीस का?"